शिक्क्यावरचं नाव

"जेवलीस का?" आजींनी मला विचारलं तेव्हा त्यांचे यजमान जाऊन जेमतेम एक दिवस झाला होता.

जानेवारी २०२३. सुवॉनमधल्या एका हॉस्पिटलच्या तळघरात अंत्यविधीची दालनं होती. त्यातल्या एकात आम्ही दोघं नवराबायको बूट काढून उभे होतो. कोरियात हल्ली बहुतेक माणसं शेवटची निघतात ती घरातून नाही, अशा दालनातून. तीन दिवस पांढऱ्या शेवंतीत फोटो ठेवलेला असतो आणि माणसं येत राहतात. पांढरं पाकीट पेटीत टाकायचं, फोटोपुढे दोनदा जमिनीला डोकं टेकायचं, मग घरच्यांपुढे एकदा. घरच्यांच्या रांगेत सगळ्यात पुढे थोरला मुलगा, काळा सूट, दंडावर पट्ट्यांची फीत. त्याला सांगजू म्हणतात. आपल्याकडे ज्याने क्रिया धरली आहे, तो. येणारा प्रत्येक जण त्याच्यापुढे वाकत होता, त्याच्याशीच बोलत होता. आजी मात्र कुठे दिसेनात. त्या आतल्या छोट्या खोलीत भिंतीला टेकून बसल्या होत्या, काळे कपडे, केसांत पांढऱ्या फितीची पिन. मला बघून त्या उठल्या, बाहेर आल्या आणि माझं मनगट धरलं. जेवलीस का. युक्केजांग गरम आहे, आधी बस.

युक्केजांग म्हणजे तिखट लाल रस्सा. मयताला आलेल्या माणसाला तोच वाढतात. मी बसले आणि दोन घास घेतले, पण डोळ्यांसमोर होतं आमचं वाईचं घर. २०१८ च्या डिसेंबरात बाबा गेले. दहाव्याला घाटावरून परतलेल्या माणसांना आई असंच विचारत होती, जेवलात का, अजून भात घ्या. तिचं स्वतःचं ताट ओट्यावर तसंच झाकलेलं होतं, संध्याकाळी मीच ते गाईला घातलं.

या आजी म्हणजे आमच्या घरमालकीण. खाली त्या, वर आम्ही, २०१६ पासून. त्या मला 'सेदेक' म्हणतात. नव्या नवरीला हाक मारायचा हा शब्द. माझ्या लग्नाला चौदा वर्षं झाली तरी त्यांच्या लेखी मी अजून सेदेकच. त्यांचा जन्म १९४५ चा, म्हणजे जपानी राजवट संपली त्या वर्षीचा. त्या वर्षी जन्मलेल्यांना इथे 'हेबांगदुंगी' म्हणतात, मुक्तीची लेकरं. आठ वर्षांच्या होईपर्यंत त्यांनी एक युद्ध पाहिलं. पुढे घरात शिलाईचं मशीन चालवलं, बाजारात सुकी मासळी विकली, तीन मुलं शिकवली. इथे कॉलेजला गमतीने 'उगोल्ताप' म्हणायचे, गाईबैलांच्या हाडांचा मनोरा, कारण गावाकडच्या आईबापांनी गोठ्यातली जनावरं विकून पोरांच्या फिया भरल्या होत्या. आजींच्या माहेरी दोन बैल गेले ते भावासाठी. त्यांच्यासाठी काही विकायचा प्रश्नच आला नव्हता.

मयतानंतर महिनाभराने एका रविवारी आम्हाला खाली बोलावणं आलं. आमची अनामत रक्कम आजोबांच्या नावाने घेतलेली होती. घर आता कुणाच्या नावावर होणार, त्याप्रमाणे आमचा करार बदलायचा होता. तिन्ही मुलं आली होती. सोलचा थोरला, देजॉनची मुलगी आणि धाकटा. जमीन खालून तापवलेली, सगळे मांडी घालून बसलेले. आजी नाशपती सोलत होत्या. त्या नाशपती कशा सोलतात ते बघण्यासारखं आहे, साल अखंड उतरते आणि ताटात पडते तेव्हा फळ परत मिटवता येईल असं वाटतं. त्यांनी फोडी केल्या, प्रत्येक फोडीला छोटा काटा टोचला, आधी आम्हाला दिल्या, मग मुलांना.

कोरियन कायद्यात नवरा गेला की प्रत्येक मुलाला एक वाटा आणि बायकोला दीड. मुलं तीन, म्हणजे एकूण साडेचार वाटे, त्यातले आजींचे दीड. तिसरा हिस्सा. पंचावन्न वर्षांच्या संसाराचा. सगळ्यांनी मिळून वेगळी वाटणी ठरवली तर तीही चालते, आणि तेच चाललं होतं. थोरल्याचं म्हणणं, घर आत्ताच माझ्या नावावर करू, म्हणजे पुढे दुसऱ्यांदा कर भरावा लागणार नाही, आणि आई माझ्याकडे राहील. मुलगी म्हणाली, वहिनी नोकरी करते, आईकडे कोण बघणार, त्यापेक्षा आईला माझ्या इमारतीत छोटं घर घेऊ. धाकटा म्हणाला, चांगलं योयांगवॉन बघून ठेवू, आत्ता नाही, पण नाव तरी नोंदवू. योयांगवॉन म्हणजे वृद्धांचं शुश्रूषागृह. २००८ मध्ये दीर्घकालीन शुश्रूषेचा विमा सुरू झाल्यापासून ती गल्लोगल्ली झाली आहेत. तिघंही चांगलं बोलत होते, एकाच्याही आवाजात लोभ नव्हता. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण मुलं स्वार्थी आणि आई बिचारी असा हा मामला नव्हता. असता तर तो मला कळला असता आणि मी विसरूनही गेले असते.

त्या तासाभरात एक क्रियापद पुन्हा पुन्हा कानावर येत होतं. मोसीदा. आईला कोण 'मोसी'णार? कोरियन भाषेत हे फार मानाचं क्रियापद आहे. वडीलधाऱ्यांना सन्मानाने नेणं, त्यांची सेवा करणं, त्यांना आपल्या घरी ठेवणं, हे सगळं त्यात येतं. पूर्वजांच्या अस्थी स्थापन करायच्या तर तिथेही हेच क्रियापद. मनात आलं, आपण साधं 'ठेवणं' म्हणतो. आईला कोण ठेवणार, आई सध्या कुणाकडे असते. त्यांचा शब्द देवघरातला आणि आपला माळ्यावरचा, पण दोन्हींत आई हे कर्मच. कर्ता दुसरा कुणीतरी. "आई, तुला कुठे राहायचंय?" हे वाक्य त्या तासाभरात कुणी उच्चारलं नाही. आजी उठल्या आणि साली टाकून आल्या.

त्या तिघांवर रागवायचा मला अधिकार नाही. बाबा गेले त्याच्या तेराव्यानंतर मी आणि दादा वाईच्या माडीवर बसून हेच करत होतो. सहा महिने पुण्याला दादाकडे, मग जमलं तर तीन महिने माझ्याकडे, वाईच्या घराला कुलूप. आम्ही वहीत महिने लिहिले होते. आई खाली पापडाचे डबे उन्हातून आत घेत होती.

कोरियन भाषेत विधवेसाठी एक जुना, सभ्य समजला जाणारा शब्द आहे, मिमांगिन. चिनी अक्षरांत फोड केली की अर्थ निघतो, जिला अजून मरण आलेलं नाही ती. नवऱ्यामागे जायला हवं होतं, पण राहिली. आपल्याकडे पत्रिकेवर विधवेच्या नावाआधी 'गं. भा.' छापायचे, गंगाभागीरथी, तेही मानानेच. मानाच्या शब्दांनी बाईला जितकं मिटवलं आहे तितकं शिव्यांनीही मिटवलं नसेल. कोरियातल्या जुन्या चोसन राज्यात १४७७ मध्ये ठरलं की पुनर्विवाह केलेल्या बाईच्या मुलांना सरकारी परीक्षेची दारं बंद. बाईला थेट शिक्षा नाही, शिक्षा मुलांना. कोणती आई मग पाऊल उचलेल? ज्या विधवा शेवटपर्यंत तशाच राहिल्या किंवा नवऱ्यामागे मेल्या त्यांच्या नावाने गावाच्या वेशीवर कमानी उभारल्या गेल्या. विधवेला पुन्हा लग्न करायची मोकळीक तिथे १८९४ च्या सुधारणांत मिळाली. त्याच्या आदल्याच वर्षी, १८९३ मध्ये, पुण्यात धोंडो केशव कर्व्यांनी गोदूबाईंशी लग्न केलं आणि मुरुडने त्यांना वाळीत टाकलं. दोन देशांना एकमेकांचा पत्ताही नव्हता. दोन्हीकडे बाईला शिकवण मात्र एकच. लहानपणी बापाच्या, लग्नानंतर नवऱ्याच्या, नवऱ्यानंतर मुलाच्या आज्ञेत राहायचं. मनूने सांगितलेलं तेच, कोरियात त्याला सामजोंगजीदो म्हणतात.

हे सगळं जुनं झालं असं म्हणावं तर तसंही नाही. कोरियात कुटुंबाच्या सरकारी नोंदीत एक कुटुंबप्रमुख असायचा, होजू. नवरा मेला की प्रमुखपद मुलाकडे, मग तो मुलगा पाळण्यात का असेना. मुलगा नसेल तर अविवाहित मुलीकडे. आईचा नंबर त्यानंतर. २००५ मध्ये घटना न्यायालयाने ही पद्धत घटनेशी विसंगत ठरवली आणि १ जानेवारी २००८ पासून ती गेली. आजींची मोठी बहीण १९७९ मध्ये विधवा झाली, तेव्हा घरातला प्रमुख तिचा नऊ वर्षांचा मुलगा होता. आजी सांगत होत्या, शाळेत त्याच्या वर्गात कुणीतरी म्हणालं आणि तो घरी येऊन आईला म्हणाला, आता मी होजू आहे. आईने त्याला भात वाढला. आजी हे सांगताना रागाने बोलत नव्हत्या. मला वाटतं त्या गोष्टीतला भातच त्यांना महत्त्वाचा वाटत होता.

मार्च संपता संपता युनदाल लागला. म्हणजे आपला अधिक महिना. चांद्र वर्ष आणि सौर वर्ष जुळवायला त्यांनाही एक महिना जादा धरावा लागतो. आपल्याकडे धोंड्याच्या महिन्यात जावयाला अनारसे देतात. कोरियात समजूत अशी की हा वरचा महिना देवदेवतांच्या हिशोबात नाही, त्यामुळे एरवी हात लावायला भीती वाटते ती कामं यात करावीत. थडगी हलवायची, आणि म्हाताऱ्या माणसांनी स्वतःच्या शेवटच्या प्रवासाचे कपडे शिवून ठेवायचे. त्यांना 'सुउई' म्हणतात, तागासारख्या खरखरीत कापडाचे. आजींचे २००९ च्या युनदालात शिवलेले होते. त्यांनी ते कपाटातून काढून मला दाखवले, हातमोजेसुद्धा होते. आजोबांचे याच गठ्ठ्यातून गेले, म्हणाल्या. मग गठ्ठा परत बांधून वर ठेवला आणि विचारलं, "सेदेक, उद्या सकाळी मोकळी आहेस का? शिक्का करायचाय."

कोरियात सहीपेक्षा शिक्क्याला मान. घराच्या कागदावर सहसा नोंदणीकृत शिक्का लागतो आणि तो आपल्या नावाचा हवा. पंचावन्न वर्षं घरातले सगळे व्यवहार आजोबांच्या शिक्क्यावर झाले, आजींचा स्वतःचा शिक्का कधी झालाच नव्हता. मुलांपैकी एकाला नेलं तर उरलेल्या दोघांना वाटेल त्याच्या सांगण्यावरून चाललंय, म्हणून मला. मला यातलं काही कळणार नाही हेच त्यांना सोयीचं होतं.

बाजाराच्या मागच्या गल्लीत एक शिक्केवाले आजोबा बसतात. हल्ली बहुतेक दुकानांत यंत्राने कोरतात, हे अजून हाताने. छोट्या लाकडी चिमट्यात त्यांनी करंगळीएवढा दगड घट्ट बसवला, चष्म्यावर भिंग चढवलं आणि नाव विचारलं. आजींनी सांगितलं. तीन अक्षरं.

सात वर्षं मी त्यांच्या डोक्यावर राहिले होते आणि त्यांचं नाव मी पहिल्यांदा ऐकलं. कोरियन बायका लग्नानंतर आडनाव बदलत नाहीत, ते माहेरचंच राहतं, पण हाक मात्र कुणी त्या नावाने मारत नाही. थोरल्याचं नाव लावून 'अमक्याची आई', पुढे 'अमक्याची आजी'. शिक्केवाल्यांनी नाव परत म्हणून खात्री केली. आजींनी मान हलवली आणि अक्षरन् अक्षर परत सांगितलं, जरा मोठ्याने. मग त्या पुढे वाकून बघत बसल्या. अक्षरं उलटी कोरावी लागतात, त्यामुळे बराच वेळ काहीच ओळखू येईना. दगडाची भुकटी शिक्केवाले मधून मधून फुंकून उडवायचे. अर्ध्या तासाने त्यांनी लाल शाईत शिक्का बुडवून पांढऱ्या कागदावर दाबला. तो कागद आजींनी घडी न घालता, शाई वाळेपर्यंत हातात सपाट धरून घरी आणला. नाव मी इथे लिहीत नाही. ते त्यांचं आहे.

त्यानंतर त्यांनी तिघांना एकेक करून फोन केला. घर माझ्या नावावर करा, माझ्यानंतर तुमचंच आहे. मुलीने लगेच हो म्हटलं, धाकट्यानेही. थोरला दोन आठवडे गप्प राहिला. त्या दोन आठवड्यांत आजींना झोप नव्हती, रात्री दोनला खाली दिवा दिसायचा. मला थोरल्याचीही कणव येते. इथे त्याच्या पिढीबद्दल एक वाक्य नेहमी बोललं जातं, आईबापांना सांभाळणारी ही शेवटची पिढी आणि मुलांकडून सांभाळली न जाणारी पहिली. बावन्न वर्षांचा माणूस, नोकरी कधी संपवतील सांगता येत नाही, मुलगी बारावीत, शिकवण्यांचा खर्च पगाराच्या वर चाललेला. लहानपणापासून त्याला सांगितलेलं, तू थोरला, तू बघायचंस. तो बघायला तयार झाला आणि आई म्हणते नको. तो आला त्या संध्याकाळी फाटकाशी माझ्या नवऱ्याला म्हणाला, "आईचा माझ्यावर भरवसा राहिला नाही." त्याचे डोळे भरले होते. आत जाऊन त्याने शिक्का मारला. आजींनी त्याला किमचीचा डबा दिला, दोरीने बांधून, आणि वर दुसरी गाठ मारली, गाडीत सांडू नये म्हणून.

त्याचा राग खरा होता. पण आजींना विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं की भरवशाचा प्रश्न नाही, मला माझ्या कुंड्यांतल्या मिरच्या सोडून जायचं नाही. सकाळी ग्योंगनोदांगला जायचं असतं. ग्योंगनोदांग म्हणजे वस्तीतल्या म्हाताऱ्यांची बसायची जागा, कोरियात गावोगावी असते. तिथे दहा-बारा जणी दुपारी एकत्र जेवतात, पत्ते खेळतात, नोव्हेंबरात मिळून किमजांग करतात, म्हणजे हिवाळ्याची किमची घालतात. बहुतेक जणी विधवाच. मुलांना वाटतं आई एकटी पडली. २०२३ मध्ये कोरियात ३,६६१ माणसं घरात एकटी मेली आणि नंतर कधीतरी सापडली, असं सरकारी आकडा सांगतो, आणि त्यांत निम्म्याहून जास्त होते पन्नाशी-साठीतले पुरुष. म्हाताऱ्या बायकांना एकमेकींचं दार वाजवायची सवय असते. ग्योंगनोदांगला एखादी आली नाही तर अकरा वाजता कुणीतरी बघायला जातं.

पैशाची गोष्ट वेगळी, ती लपवून चालणार नाही. कोरियातल्या ६५ वरच्या माणसांपैकी चाळीस टक्क्यांच्या आसपास गरिबीत आहेत, श्रीमंत देशांत इतकं प्रमाण कुठेच नाही. राष्ट्रीय पेन्शन सुरू झाली १९८८ मध्ये, तोवर या पिढीचं निम्मं आयुष्य सरलं होतं. शिल्लक होती ती मुलांच्या शिक्षणात गेली. त्यात कित्येक वर्षं नियम असा की कागदावर कमावता मुलगा असेल तर आईला सरकारी निर्वाहभत्ता नाही, मग तो मुलगा दहा वर्षांत फिरकला नसला तरी. भत्ता मागायचा तर मुलाने टाकलं आहे हे सरकारदरबारी सिद्ध करायचं. किती आयांनी ते करण्यापेक्षा उपाशी राहणं पत्करलं असेल. २०२१ च्या ऑक्टोबरात तो नियम बहुतांशी गेला. आजींच्या ओळखीची एक बाई अजून रोज पुठ्ठा गोळा करते, ढकलगाडी तिच्या उंचीपेक्षा वर भरलेली असते. मुलाबद्दल विचारलं तर म्हणते, त्याचं बरं चाललंय.

सुवॉनला आईबापांच्या सेवेचं गाव म्हणावं इतका इथे त्याचा बोलबाला आहे आणि त्याला कारण आहे. इथली तटबंदी जोंगजो राजाने १७९४ ते १७९६ मध्ये बांधली. त्याचा बाप, युवराज सादो, याला सख्ख्या बापाने, म्हणजे योंगजो राजाने, १७६२ च्या उन्हाळ्यात तांदळाच्या लाकडी पेटीत कोंडून मारलं. सादोची बायको ह्येग्योंग तेव्हा सव्वीस वर्षांची, मुलगा नऊ. तो मुलगा पुढे राजा झाला, बापाचं थडगं सुवॉनजवळ आणलं आणि १७९५ मध्ये आईच्या साठीला तिला सोलहून इथे आणून मेजवानी दिली. हान नदीवर नावांचा पूल बांधला. आठ दिवसांचा प्रवास, आईची पालखी आणि तिच्यामागे घोड्यावर राजा. दर वर्षी सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमाराला ही मिरवणूक इथे रस्त्यावर निघते. २०२३ च्या ऑक्टोबरात आजी आणि मी फुटपाथवर वर्तमानपत्र घालून बघत बसलो होतो. पालखी गेली तेव्हा आजी म्हणाल्या, "पाय आखडले असतील बिचारीचे."

मला मात्र त्या वर्षातली दुसरी गोष्ट सोडत नाही. ज्या १७९५ मध्ये मुलाने एवढा सोहळा केला त्याच वर्षी त्या आईने आपल्या आठवणी लिहायला घेतल्या. तेहेतीस वर्षं पोटात ठेवलेलं. भावाच्या मुलासाठी लिहिलं, त्याने मागितलं म्हणून. राजाइतका आईला जपणारा मुलगा या देशाच्या इतिहासात दुसरा दाखवता येणार नाही. तरी तिला लिही म्हणणारा भाचाच निघाला. पुढे मुलगा तिच्या आधी, १८०० मध्ये गेला. ती पंधरा वर्षं आणखी जगली आणि लिहीत राहिली.

हे वाचलं त्या रात्री मी आईला फोन केला आणि विचारलं, तुला काय करायचंय. पलीकडे बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मग म्हणाली, "वाईलाच राहते. पण एकदा तुझ्याकडे येऊन ते सगळं बघायचंय." तिने आधी कधी काही मागितलं नव्हतं. २०२२ च्या मे महिन्यात हेरवाडच्या ग्रामपंचायतीने विधवेचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत असा ठराव केला तेव्हाही मी असाच फोन केला होता. "वाचलं, बरं झालं," एवढंच म्हणाली आणि आंब्यांचा विषय काढला.

२०२४ च्या एप्रिलच्या शेवटी आई आली. दोघींना एकमेकींची भाषा येत नाही. पहिल्या दिवशी आजींनी खालून लसणाची टोपली आणली, आईने चाकू मागितला, आणि दोघी गच्चीवर बसून टोपलीभर लसूण सोलून मोकळ्या झाल्या. त्यानंतर रोज काहीतरी निवडायला असायचंच. ८ मे हा इथला आईबापांचा दिवस. थोरल्याने आजींना लाल कार्नेशन आणि पाकीट दिलं. पाकिटातल्या पैशांना 'योंगदोन' म्हणतात, हातखर्च. आजी ते तसंच ठेवून देतात आणि नव्या वर्षाला नातवंडांना वाटतात. थोरला आता महिन्यातून एकदा येतो, पूर्वी सणालाच यायचा. त्या दिवशी त्याने माझ्या आईसाठीही एक कार्नेशन आणलं होतं. आईने ते केसांत माळायचं की पिशवीत ठेवायचं हे ठरेना म्हणून दिवसभर हातात धरलं.

दोन दिवसांनी आजी म्हणाल्या, ओन्यांगला जाऊ. सुवॉनहून मेट्रोने साधारण सव्वा तास. ६५ वरच्यांना मेट्रो फुकट, १९८४ पासून, आणि २००८ च्या शेवटी ही लाइन गरम झऱ्यांच्या ओन्यांगपर्यंत गेल्यापासून सोलचे म्हातारेकोतारे सकाळी निघतात, अंघोळ करतात, नूडल्स खातात आणि परत येतात. आमच्या डब्यात सगळी पांढरी डोकी. आई म्हणाली, पंढरीच्या गाडीत बसल्यासारखं वाटतंय.

सगळ्यांनी मिळून उघड्याने करायची अंघोळ आईला जमली नसती. म्हणून आम्ही नुसतं पाय सोडून बसायची सोय आहे तिथे गेलो. पाणी चांगलं कढत होतं. आईने साडी पोटऱ्यांपर्यंत वर घेतली. आजींनी पँट गुंडाळली. बराच वेळ कुणी बोललं नाही. आईचे पाय पाण्यात पांढरे दिसत होते, आणि अंगठ्याशेजारच्या बोटांवर दोन्हीकडे खोलगट वळं, जोडवी चाळीस वर्षं होती तिथली. साडेपाच वर्षांत भरून आली नव्हती. आजींनी वाकून बोटाने तिथे हात लावला आणि माझ्याकडे बघितलं.

मी आईला विचारलं. आई म्हणाली, "सांग, तिथे जोडवी होती. नवरा गेला की काढतात."

मी सांगितलं. आजींनी विचारलं, कुणी काढली?

ते मला माहीत होतं. आत्याने काढली. बोटं सुजली होती, जोडवं निघेना, साबण लावावा लागला. पाय मी धरला होता. आईने नको म्हटलं नाही आणि मीही काही विचारलं नाही.

"मला कुणी विचारलं नाही, असं सांग," आई म्हणाली. पाण्याकडे बघत म्हणाली, माझ्याकडे नाही.

कोरियन भाषेत हे वाक्य छोटं आहे. मी ते म्हटलं. आजींनी मान हलवली. मग शेजारचा टॉवेल उचलला, आईचा उजवा पाय पाण्यातून काढून आपल्या मांडीवर घेतला आणि बोटाबोटांच्या मधून पुसायला लागल्या, लहान मुलाचा पुसतात तसा. आईने पाय ओढून घेतला नाही. परतीच्या गाडीला अजून वीस मिनिटं होती.